पडदा मोठा, अक्षर मुंगीएवढं

गेल्या वर्षी मी नवा मॉनिटर घेतला. सत्तावीस इंची, फोर-के. माझं वय ५७, चाळिशी लागून सतरा वर्षं झाली, आणि दिवसाचे सात-आठ तास मराठी मजकूर वाचण्यात जातात. कन्नडमधून मराठीत भाषांतरं करणं, इतरांची भाषांतरं तपासणं, पानं लावून छापखान्याकडे पाठवणं हा माझा बंगळुरूतला चरितार्थ. जुन्या मॉनिटरवर अनुस्वार शोधताना मान पुढे जायला लागली, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनीच सांगितलं, मोठा पडदा घ्या. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, चौपट क्लिअर दिसेल." दोघांनीही प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

घरी आणून जोडला. पहिली पाच मिनिटं खरंच सुखाची गेली. 'ष्ट्य', 'द्ध्र' अशी जोडाक्षरं छापील पुस्तकासारखी रेखीव दिसत होती. मग मी रोजच्या वापरातलं पानजुळणीचं सॉफ्टवेअर उघडलं. मेनूतली अक्षरं मुंगीएवढी झाली होती आणि कडेच्या पट्टीवरची चिन्हं बाजरीच्या दाण्याएवढी. 'कात्री' कुठली आणि 'ब्रश' कुठला हे कळायला चष्मा काढून पडद्याला नाक लावावं लागत होतं. ज्या कारणासाठी चांगले पैसे मोजले, ते कारणच आणखी बिघडलं होतं.

मॉनिटर चांगला आहे, हे आधीच सांगते. माझं भांडण त्या पडद्यावर अक्षर मांडणाऱ्या सॉफ्टवेअरशी आहे, ते लिहिणाऱ्यांशी आहे, आणि ते गुपचूप चालवून घेणाऱ्या आपल्या सगळ्यांशी, म्हणजे लेखक, संपादक, प्रकाशक आणि संस्थांशी आहे. हा विषय तंत्रज्ञांचा आहे, साहित्याच्या नियतकालिकात कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी थोडं थांबावं. या एका गोष्टीपायी मी एका सभ्य गृहस्थाला छापील पुस्तकात अरेतुरे केलं आहे. ते पुढे येईलच.

आधी हे का होतं ते समजून घेऊ. ते माहीत नसतं म्हणूनच आपण स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसतो.

कागदावरचं अक्षर पॉइंटमध्ये मोजतात. आजच्या हिशेबाने ७२ पॉइंटांचा एक इंच. बारा पॉइंटांचा मजकूर पुण्यात छापा की कोलकात्यात, तो तेवढाच राहतो. पडद्यावरचं अक्षर मात्र सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ठिपक्यांत, म्हणजे पिक्सेलमध्ये मोजायला सुरुवात केली. १९८४ च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर एका इंचात ७२ ठिपके होते, तेव्हा एक ठिपका म्हणजे एक पॉइंट असं सरळ गणित जमत होतं. विंडोजने एका इंचात ९६ ठिपके धरले. कितीतरी वर्षं बाजारातले पडदे या आकड्यांच्या आसपासच राहिले, त्यामुळे ठिपका हेच माप आहे असा समज पक्का झाला.

माझ्या जुन्या चोवीस इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ ठिपके होते. नव्या सत्तावीस इंची फोर-के पडद्यावर ते सुमारे १६३ आहेत. मेनूतलं अक्षर बारा ठिपके उंच असा हुकूम सॉफ्टवेअरमध्ये कायमचा लिहून ठेवलेला असेल, तर जुन्या पडद्यावर ते ३.३ मिलिमीटर उंच दिसतं आणि नव्यावर १.९ मिलिमीटर भरतं. पडदा तीन इंचांनी वाढला आणि अक्षर निम्म्याच्या जवळ उतरलं, ते यामुळे.

यावर उपाय म्हणून संगणकात 'स्केलिंग' असतं. सगळं दीडपट करा, दुप्पट करा, असं सांगता येतं. मी दीडपट केलं. मेनू मोठे झाले, पण धुरकट झाले. काचेवर वाफ धरावी तसे. कारण हे सॉफ्टवेअर जुन्या मापानेच चित्र काढत होतं आणि संगणक ते तयार चित्र ताणून मोठं करत होता. ताणलेल्या चित्रात एक ठिपका जाडीची रेघ दीड ठिपक्यांची व्हायला हवी. अर्धा ठिपका तर नसतोच, म्हणून कडेला करड्या रंगाची सावली भरली जाते. रोमन अक्षरांत हे थोडंफार खपून जातं. देवनागरीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावरून आडवी शिरोरेघ जाते. ती करडी झाली की सबंध ओळच पावसात भिजल्यासारखी दिसते.

एका जाणकाराने फोनवर उपाय सांगितला. प्रोग्रामच्या चिन्हावर उजवी टिचकी मारा, प्रॉपर्टीज उघडा, कम्पॅटिबिलिटीत जा, तिथे हाय डीपीआय सेटिंग शोधा, त्यात तीन पर्याय आहेत, ते एकेक करून बघा. पहिल्या पर्यायाने अक्षरं स्पष्ट झाली आणि पुन्हा मुंग्या झाल्या. दुसऱ्याने मोठी झाली आणि पुन्हा धूर आला. तिसऱ्याने काही खिडक्या नीट दिसल्या आणि काही अर्ध्या पडद्याबाहेर गेल्या, 'ठीक आहे'चं बटण कुठे गेलं ते सापडेना. बारीक की धुरकट, एवढीच निवड मला होती.

हे कोडं काल-परवाचं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. नवी गोष्ट रुळायला वेळ लागतो. पण इथे तारखा बघा. विंडोज व्हिस्टा २००७ साली बाजारात आली, तेव्हापासून जे प्रोग्राम पडद्याचं माप ओळखत नाहीत त्यांचं चित्र ताणून दाखवण्याची सोय आहे. २०१० साली आयफोन ४ आला, एका इंचात ३२६ ठिपक्यांचा. २०१२ साली मॅकबुक प्रो २८८० गुणिले १८०० ठिपक्यांचा पडदा घेऊन आला. २०१३ साली विंडोज ८.१ ने प्रत्येक मॉनिटरला वेगळं माप देण्याची सोय केली. लिनक्सच्या बाजूला वेलँडमध्ये दीडपट-सव्वापट अशा अपूर्णांकी मापांसाठी वेगळा प्रोटोकॉल २०२२ साली आला. म्हणजे सगळ्यांना दुखणं माहीत होतं, औषधंही निघाली. पण ते औषध प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतः घ्यावं लागतं, आणि पुष्कळांनी घेतलं नाही. मेनू, बटणं, खिडक्या पुन्हा आखायला कष्ट पडतात आणि त्यातून विक्रीच्या जाहिरातीत टाकायला नवीन काही मिळत नाही.

ॲपलने यातून एक सोपी वाट काढली: सगळं नेमकं दुप्पट करायचं. एका ठिपक्याच्या जागी चार. भागाकार बिनबाकी जातो, रेघा स्वच्छ राहतात. पण दुप्पट हे माप सगळ्यांना कुठे पुरतं? माझ्यासारखं सत्तावीस इंची फोर-के घेतलं तर दुप्पटीत सगळं जरा जास्तच मोठं होतं, जागा पुरत नाही. मधलं माप निवडलं तर मॅक ५१२० गुणिले २८८० ठिपक्यांचं चित्र काढतो आणि ते ३८४० गुणिले २१६० मध्ये आवळून बसवतो. एकीकडे ताणणं, दुसरीकडे आवळणं.

०

इथवरची तक्रार जगात कुणीही करेल. आता आपल्या घरची.

मी ते जुनं सॉफ्टवेअर बाजूला ठेवलं. "नवीन घ्या, सगळे प्रश्न सुटतील," असं सगळेच सांगत होते. नवीन घेतलं, दरमहा भाडं भरून. त्याला स्केलिंग कळतं. दीडपट केल्यावर अक्षरं स्पष्टही होती आणि मोठीही. मी दोन दिवस खूष होते. मग लक्षात आलं की अक्षर वाढलं आहे, पण त्याभोवतीची चौकट सगळीकडे तेवढी वाढलेली नाही. काही बटणांची, काही भरायच्या जागांची उंची ठरलेली आहे, आणि ती रोमन अक्षराच्या बेताने ठरवलेली आहे.

रोमन अक्षराला वर थोडी आणि खाली थोडी जागा लागते. देवनागरीचं घर तीन मजल्यांचं आहे. मधल्या मजल्यावर व्यंजन, वर रफार, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, आणि तळघरात उकार, ऋकार, हलन्त, खाली लटकणारी जोडाक्षरं. 'धूर्तांना' हा साधा शब्द घ्या. 'धू'चा उकार तळघरात आहे, 'र्तां'चा रफार आणि अनुस्वार वर एकमेकांना खेटून उभे आहेत. चौकट आखूड पडली की आधी वरचा मजला जातो. आणि मराठीत किती मोठा कारभार त्या वरच्या मजल्यावर चालतो, हे मला त्या सॉफ्टवेअरने शिकवलं.

एका कन्नड लेखिकेने आपल्या वडिलांच्या आठवणी लिहिल्या आहेत. ते पुस्तक मी मराठीत केलं. वडिलांना घरात 'अप्पा' म्हणत. मी हस्तलिखितात सगळीकडे 'आप्पा' लिहिलं होतं. पानं छापखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी ठरलं की 'अप्पा' करायचं. सोपं काम. मी पानावरच्या एका 'आप्पांचा' या शब्दातली पहिली दोन अक्षरं निवडली आणि 'शोधा व बदला'ची खिडकी उघडली. निवडलेला मजकूर आपोआप वरच्या चौकटीत आला. चौकटीत मला दिसलं: 'आप्पा'. खालच्या चौकटीत मी टंकलं: 'अप्पा'. 'सर्व बदला' दाबलं. संगणकाने सांगितलं, ६३ ठिकाणी बदल केला. काही जागी 'आप्पा' तसंच राहिलेलं दिसलं, तेव्हा पुन्हा एकदा तेच केलं, उरलेलेही बदलले. पानांच्या शेवटच्या ओळी सरकल्या नाहीत ना, एवढं पाहून फाइल पाठवून दिली.

वरच्या चौकटीत 'आप्पा' नव्हतं. 'आप्पां' होतं. अनुस्वार चौकटीच्या वरच्या काठाने कापला गेला होता. म्हणून पहिल्या फेरीत नेमके अनुस्वार असलेले सगळे 'आप्पां' सापडले आणि त्या ६३ जागी बिनअनुस्वाराचं 'अप्पा' जाऊन बसलं. अप्पांचा आवाज 'अप्पाचा आवाज' झाला. अप्पांची काठी 'अप्पाची काठी' झाली. अप्पांशी झालेलं भांडण 'अप्पाशी' झालं. एका निवृत्त शाळामास्तरांवर त्यांच्या मुलीने जीव ओतून लिहिलेलं पुस्तक मराठीत असं वाचलं जाऊ लागलं, की जणू ती घरगड्याबद्दल बोलते आहे.

लेखिकेच्या थोरल्या बहिणीचं सासर कोल्हापूरचं. त्यांनी पुस्तक वाचून मला फोन केला. रागावल्या नव्हत्या, त्याचंच जास्त वाईट वाटलं. एवढंच म्हणाल्या, "बाई, आमच्या अप्पांना पुस्तकात अरेतुरे का केलंय तुम्ही?"

चूक माझी आहे. शेवटच्या बदलानंतर सगळी पानं पुन्हा वाचायला हवी होती, हे मला तीस वर्षांच्या कामाने शिकवलेलं आहे. पण मी जे पाहून निर्णय घेतला ते मला खोटं दाखवलं गेलं होतं, हेही तितकंच खरं आहे. ज्या चौकटीत मी मजकूर तपासायचा, ती चौकटच मजकूर कापत असेल तर तपासणं या शब्दाला अर्थ काय उरतो?

०

या नियतकालिकाच्या इतर विभागांतल्या मित्रांना मी हे सांगितलं, तेव्हा प्रत्येकाने आपापली जखम दाखवली.

कन्नड मित्र आधी हसला. म्हणाला, आमच्याकडे वडिलांसाठी 'अवर' आणि बरोबरीच्यासाठी 'अवन', शब्दच वेगळे, ठिपका गेल्याने मान जात नाही. पण लगेच गंभीर झाला. कन्नडात जोडाक्षराचा दुसरा भाग, ओत्तक्षर, खाली लटकतो. आखूड चौकटीत त्याचा खालचा भाग जातो आणि दोन वेगळी जोडाक्षरं एकसारखी दिसतात. तेलुगूवाल्यांचंही तेच.

हिंदीत 'पिताजी आए हैं' आणि 'है' यांत तोच एक ठिपका आहे. बहुवचन आणि आदर, दोन्ही त्याच्यावर टांगलेले. बांगला तर थेट आपल्या नात्यातली निघाली. 'तार' म्हणजे त्याचा आणि 'ताँर' म्हणजे त्यांचा. फरक फक्त चंद्रबिंदूचा, आणि तोही वरच्या मजल्यावर. बांगला संपादक म्हणाली, "तुझ्या अप्पांसारखे आमचेही बरेच जण असे गेलेत."

हैदराबादच्या उर्दू मित्राने तर मला गप्पच केलं. नस्तालिकमध्ये शब्द उजवीकडून वरून सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत येतो. शब्द जितका लांब, तितका उतार जास्त. ठरावीक उंचीच्या चौकटीत तो मावणं कठीणच. म्हणून पुष्कळ ठिकाणी उर्दूला नस्ख वळणात सपाट बसवतात. तो म्हणाला, "तुमचा अनुस्वार कापला जातो म्हणून तुम्ही रडता. आमची तर अख्खी चालच सरळ करून टाकली आहे."

म्हणजे ही एकट्या मराठीची रडकथा नाही. पडद्यावरची चौकट एका लिपीच्या उंचीने आखायची आणि बाकीच्यांनी त्यात अंग चोरून बसायचं, अशी ही व्यवस्था आहे. पूर्वी पडदे जाडेभरडे होते, तेव्हा सगळ्यांचंच वाईट दिसत होतं आणि हा भेद झाकला जात होता. पडदा सुधारला आणि भेद उघडा पडला.

हे अटळ आहे असं कुणी सांगू नये. शिशाच्या खिळ्यांच्या काळात देवनागरी जुळवणं याहून कितीतरी अवघड होतं. मात्रा, रफार, अनुस्वार यांचा हिशेब वेगळा धरावा लागे, एका भाषेच्या छपाईसाठी शेकडो खिळे लागत, आणि बाहेर डोकावणारा नाजूक भाग छपाईच्या दाबाखाली तुटतही असे. तरी जुळारी त्या अक्षराला लागेल तेवढी उंची देत. ओळ उंच होते म्हणून मात्रा छाटा, असं कुणी म्हटलं नाही. बापूराव नाईकांनी १९७१ साली 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. एका लिपीच्या मांडणीला किती विचार लागतो हे ते खंड हातात घेतल्यावरच कळतं. संगणकावर देवनागरी १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' हा फाँट घरोघरी पोचला. मांडणीचं ज्ञान आहे, फाँट आहेत, प्रत्येक फाँटमध्ये त्याला वर-खाली किती जागा लागते याचे आकडे लिहिलेले असतात. सॉफ्टवेअरने ते आकडे विचारायचे आणि तेवढी चौकट मोठी करायची. एवढंच काम आहे.

०

आता नेहमीची उत्तरं.

पहिलं उत्तर: रेझोल्यूशन कमी करा. आमच्या छापखान्यातल्या डीटीपी ऑपरेटरने हेच केलं आहे. त्याच्या फोर-के पडद्यावर त्याने फुल एचडी लावून ठेवलंय. मेनू दिसतात, काम चालतं. म्हणजे मालकाने चौपट ठिपक्यांचे पैसे भरले आणि कामगार एक चतुर्थांश वापरतो. वर 'मॅडम, असंच करतात सगळे' म्हणून मलाही शिकवतो. मी त्याला दोष देत नाही. त्याला रात्री नऊपर्यंत सोळा पानी फर्मा काढायचा असतो.

दुसरं उत्तर: जुनी सॉफ्टवेअरं सोडा. कुणी सोडायची? छोट्या प्रकाशकाकडे वीस-पंचवीस वर्षांची पुस्तकं जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या फायलींत अडकलेली आहेत. पुनर्मुद्रण काढायचं तर तीच फाइल, तेच सॉफ्टवेअर, त्याच मुंग्या. आणि नवीन घेतल्यावर काय होतं ते मी वर सांगितलंच.

तिसरं उत्तर जरा हळू आवाजात येतं: तुमचे डोळे म्हातारे झालेत. झालेच आहेत. चाळिशी हा शब्द आपण वयालाही वापरतो आणि चष्म्यालाही, इतकी ती ठरलेली गोष्ट आहे. जवळचं धूसर दिसणं हे वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग आहे. संपादक, मुद्रितशोधक, भाषांतरकार, कोशकार हे लोक बहुतेक त्याच वयाचे असतात, कारण ही कामं यायलाच वीस वर्षं लागतात. ज्यांचा हात सर्वांत तयार, त्यांनाच पडदा दिसू नये, ही भाषेची हानी आहे. एखाद्याच्या डोळ्यांचं गाऱ्हाणं म्हणून ती झटकता येणार नाही.

शिवाय डोळ्याच्या मापाने मोजायचं हे तंत्रज्ञांनीच एकदा मान्य केलेलं आहे. वेबपानांची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसच्या नियमांत पिक्सेलची व्याख्या वाचा. एका इंचात ९६ ठिपके असलेला पडदा हातभर अंतरावर, २८ इंचांवर धरला तर एक ठिपका डोळ्याशी जेवढा कोन करतो, तो संदर्भाचा पिक्सेल. म्हणजे पडद्यावर ठिपके किती का असेनात, माप धरायचं ते वाचणाऱ्याच्या नजरेचं. २००८ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.० या सुगम्यतेच्या निकषांत आहे की मजकूर दुप्पट मोठा केला तरी मजकूर किंवा सोय हरवता कामा नये. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही माहिती तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावं यासाठी स्वतंत्र कलम आहे. तत्त्व कागदावर आहे. मी 'शोधा व बदला'च्या चौकटीत त्याची वाट पाहते आहे.

माझं सगळ्यात जास्त भांडण मात्र आपल्याशी आहे. आपण साहित्यातली माणसं ऱ्हस्व-दीर्घावरून वर्षानुवर्षं वाद घालतो, अनुस्वारांचे नियम कसे असावेत यावर परिसंवाद घेतो, आणि आपल्या टेबलावरचं यंत्र तो अनुस्वार रोज छाटतं तिकडे काणाडोळा करतो. "संगणकावर असंच दिसतं" हे वाक्य मी प्राध्यापकांकडून ऐकलं आहे, अकादमीच्या समित्यांवर बसणाऱ्यांकडून ऐकलं आहे, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या तोंडूनही ऐकलं आहे. मुद्रितात मात्रा गेली असती तर आपण छापखान्याला पान परत पाठवलं असतं. पडद्यावर गेली तर आपण डोळे चोळतो.

विद्यापीठं, अकादम्या, भाषा संचालनालयं, वर्तमानपत्रं, मोठे प्रकाशक हे सगळे दर वर्षी परवाने विकत घेतात. घेताना निविदेत एक साधी अट घालता येईल. विक्रेत्याने सॉफ्टवेअर आमच्यासमोर फोर-के पडद्यावर उघडावं, स्केलिंग दीडपट आणि पावणेदोनपट करून दाखवावं, आणि प्रत्येक खिडकीत, प्रत्येक भरायच्या चौकटीत आमच्या भाषेतले दहा शब्द टंकून दाखवावेत. मराठीसाठी मी यादी देते: धूर्तांना, शृंगार, दुर्गंधी, कॉंग्रेसमधून, मूर्तींनी, पट्ट्यांवर, सर्वांगीण, हृद्य, कृत्रिम, अप्पांचा. कन्नड, बांगला, उर्दू, मल्याळमच्या मित्रांनी आपापली यादी करावी. एक मात्रा कापली गेली तरी बिल थांबवावं. हे दहा मिनिटांचं काम आहे, त्याला तज्ज्ञ समिती लागत नाही. ज्याला आपली भाषा वाचता येते असा कुणीही कारकून ते करू शकतो.

आणि आपण एकेकट्याने निदान तक्रार तरी लिहावी. मी लिहिली. चित्र जोडलं, कापलेल्या अनुस्वाराभोवती लाल वर्तुळ काढलं. उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि तो नोंदवला आहे. अशी एक नोंद कुणी वाचत नाही. सात भाषांतून, सातशे लाल वर्तुळं गेली तर कुणीतरी वाचेल.

अप्पांच्या पुस्तकात शुद्धिपत्राची चिठ्ठी घातली आहे. उरलेल्या प्रतींत ती मी स्वतः बसून चिकटवली. दुसऱ्या आवृत्तीची फाइल गेल्या आठवड्यात तयार केली. 'सर्व बदला' वापरलं नाही. पान तीनशे टक्के मोठं करून ६३ अनुस्वार एकेक करून हाताने दिले आणि पानं कागदावर काढून पुन्हा वाचली. दोन दिवस लागले. कोल्हापूरला फोन करून सांगितलं. बहीणबाई म्हणाल्या, "बरं झालं. पण बाई, एवढा मोठा नवा पडदा घेतलात म्हणता, मग कागदावर कशाला वाचलंत?"

हा प्रश्न मी जसाच्या तसा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडे पाठवते आहे.